हात खाली ठेवून बॉक्सिंग : कोणी शिकावे, कसे शिकावे आणि हात केव्हा वर घ्यावेत

बॉक्सिंगच्या कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात पहिल्या दिवसापासून एकच सूचना सतत कानी पडते, ती म्हणजे ‘हात वर’. दोन्ही मुठी गालांपाशी, कोपरे बरगड्यांना लागून आणि हनुवटी छातीकडे झुकलेली, हा उंच गार्ड आधी अंगी मुरला पाहिजे. ज्याने किमान दोन वर्षे नियमित स्पॅरिंग, म्हणजे जोडीदारासोबत सरावाच्या लढती, केलेले नाही, त्याने तो सोडण्याचे काहीही कारण नाही. तरीही मुहम्मद अली, रॉय जोन्स ज्युनिअर किंवा नसीम हमीद यांच्या लढती पाहिलेल्या प्रत्येक तरुण खेळाडूला हात खाली सोडून खेळण्याचा मोह होतो. प्रशिक्षकाने केवळ रागावून तो मोह जात नाही. म्हणून या पद्धतीतून नेमके काय मिळते, त्यासाठी काय द्यावे लागते आणि ती शिकायचीच असेल तर कोणत्या क्रमाने शिकावी, हे येथे मांडले आहे.

हात खाली आले म्हणून बचावाचे काम संपत नाही. ते काम हातांकडून पाय, खांदा आणि नजर यांच्याकडे जाते. ज्याचे पाय हे काम पेलू शकतात, त्याच्यासाठी खालचा गार्ड ही एक पद्धत आहे. ज्याचे पाय थकले आहेत किंवा मुळात तयारच झालेले नाहीत, तो केवळ उघडा उभा आहे, मग तो दिसायला कितीही ऐटदार दिसो.

खालच्या गार्डचे प्रकार

पुढील सर्व वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्या, म्हणजे डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवणाऱ्या खेळाडूसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट समजाव्यात.

पहिल्या प्रकारात डावा हात पोटावर आडवा असतो, डावा खांदा हनुवटीला झाकेल इतका वर उचललेला असतो आणि उजवा पंजा उजव्या गालाला किंवा हनुवटीला लागून असतो. याला फिली शेल म्हणतात आणि त्यातील खांदा वळवून ठोसा घसरवण्याच्या क्रियेला शोल्डर रोल म्हणतात. जेम्स टोनी आणि फ्लॉइड मेवेदर ज्युनिअर हे या प्रकारातील सर्वांत परिचित खेळाडू होत. दुसऱ्या प्रकारात डावा हात कमरेपाशी सैल लोंबता असतो आणि तेथूनच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, सुटतो. डेट्रॉइटच्या क्रॉन्क जिममध्ये इमॅन्युएल स्टुअर्ड यांच्याकडे घडलेला टॉमी हर्न्स असा खेळत असे. तिसऱ्या प्रकारात दोन्ही हात खाली असतात. अली पुष्कळदा, जोन्स व हमीद त्याहून अधिक आणि अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे बहुतेक वेळा असेच खेळत.

माझे मत स्पष्ट आहे. पहिला प्रकार शिकवता येतो आणि शिकावाही. दुसरा प्रकार लांब हातांच्या खेळाडूंपुरता ठेवावा. हर्न्सची उंची सुमारे १८५ सेंटिमीटर होती आणि दोन्ही हात पसरल्यावरची लांबी सुमारे १९८ सेंटिमीटर. वेल्टरवेट गटात अशी लांबी क्वचितच आढळते. तिसरा प्रकार शिकवण्याचा विषय नाही. लोचे याने १९६८ च्या डिसेंबरमध्ये टोकियोत पॉल फुजीला इतके चुकवले की तेव्हाचा जगज्जेता फुजी दहाव्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नाही. परंतु लोचेच्या डोक्याच्या हालचाली पाहून त्याचे हात तेवढे उचलणे म्हणजे त्याच्या खेळाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी भाग उचलणे होय.

लाभ कोणते

सर्वांत सहज दिसणारा लाभ जॅबचा आहे. उंच गार्डमधून निघणारा जॅब प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांसमोरच सुरू होतो आणि सरळ रेषेत त्याच्याकडे येतो. कमरेपासून निघणारा जॅब त्याच्या नजरेच्या रेषेखालून वर चढतो आणि त्याच्या दोन ग्लोव्ह्जच्या मधल्या फटीतून शिरतो. त्याने हात उंच आणि जवळ धरले असतील तर त्याचे स्वतःचेच ग्लोव्ह्ज तो ठोसा काही काळ त्याच्यापासून लपवतात.

दुसरा लाभ थकव्याशी संबंधित आहे. खांदे ताठ ठेवून हात सतत उंच धरण्यात बरीच शक्ती जाते आणि ताठलेल्या खांद्यातून निघणारा ठोसा मंद असतो. हात सैल असला की धड मोकळेपणाने फिरते आणि पावले हलकी पडतात. याशिवाय समोरचे चित्र पूर्ण दिसते, आणि पोटावर आडवा असलेला डावा हात यकृताच्या बाजूला नसला तरी पोटाचा मधला भाग व डाव्या बरगड्या बऱ्यापैकी झाकतो.

तथापि मला सर्वांत मोलाचा वाटणारा लाभ वेगळाच आहे, आणि तो समजल्याशिवाय ही पद्धत समजत नाही. डोळ्यांना काही दिसल्यापासून शरीराने हालचाल सुरू करेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. टप्प्यात उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याचा जॅब त्याच्या आसपासच्या वेळात पोहोचतो. म्हणजे येणारी मूठ पाहून मग चुकवू, असे म्हणणाऱ्याला कोणताही गार्ड वाचवत नाही. चांगला खेळाडू ठोसा निघण्यापूर्वीच तो कोणता असेल हे ओळखतो. येथे खालचा गार्ड मदत करतो, कारण आपण मुद्दाम एकच जागा उघडी ठेवली तर प्रतिस्पर्धी बहुधा तेथेच मारतो. मेवेदरने डावा हात खाली ठेवला की समोरच्याला उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारावासा वाटे. मेवेदर त्या क्रॉससाठी आधीच तयार असे, खांदा वळवून तो घसरवत असे आणि त्याच वळणातून स्वतःचा उजवा हात सोडत असे. उघडी जागा ही अशी ठरवून उघडी असली पाहिजे. जी जागा कोणती हे आपल्यालाच सांगता येत नाही, ती आमिष नसून चूक असते.

धोका कोठून येतो

डावा हात खाली असला तर धोका प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या हाताचा, विशेषतः वरून येणाऱ्या ओव्हरहँडचा असतो. उजवा हात खाली असला तर धोका त्याच्या डाव्या हुकचा, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाचा, असतो. हे दोन धोके वेगळे आहेत आणि त्यांची किंमतही वेगळी आहे. सरळ येणारा उजवा हात निदान समोरून येतो, तर हुक नजरेच्या कडेबाहेरून येतो. न दिसलेल्या ठोशासाठी मानेचे स्नायू आवळले जात नाहीत, डोके झटक्याने फिरते आणि म्हणून तोच माणसाला झोपवतो.

पहिल्या धोक्याचे शिकण्यासारखे उदाहरण जो लुईचे आहे. तो खालच्या गार्डचा खेळाडू नव्हता; त्याची खोड एवढीच होती की जॅब मारून परत येताना त्याचा डावा हात खाली यायचा. मॅक्स श्मेलिंगने त्याच्या लढतींचे चित्रपट पाहून ही खोड हेरली आणि १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये त्या रिकाम्या जागेतून उजवे ठोसे मारत चौथ्या फेरीत लुईला खाली पाडले आणि बाराव्या फेरीत लढत संपवली. दोन वर्षांनी लुईने पहिल्याच फेरीत त्याची परतफेड केली हे खरे, परंतु जगातील सर्वोत्तम जॅबपैकी एक असलेल्या खेळाडूलाही हात परत आणण्याचा मार्ग चुकल्यास काय भोगावे लागते, ते त्या पहिल्या लढतीत दिसते.

दुसऱ्या धोक्याची उदाहरणे अलीच्या कारकिर्दीत आहेत. १८ जून १९६३ रोजी लंडनच्या वेम्ब्लीत, तेव्हा कॅशियस क्ले या नावाने खेळणारा अली चौथ्या फेरीच्या अखेरीस दोरांजवळ सापडला आणि हेन्री कूपरच्या डाव्या हुकने खाली बसला. घंटा लगेच झाली नसती तर पुढचे सांगता आले नसते. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझिअरने पंधराव्या फेरीत त्याला तशाच हुकने पाडले. अली उजवा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारण्यासाठी हात खाली नेतो आणि त्या क्षणी त्याचा उजवा गाल पूर्ण उघडा असतो, हे फ्रेझिअरच्या गोटातील एडी फच यांनी हेरले होते. या दोन्ही लढतींत अलीचे पाय थांबलेले होते. पहिल्या वेळी दोरांनी त्याला अडवले आणि दुसऱ्या वेळी चौदा फेऱ्यांच्या थकव्याने.

पाय थांबण्याचे तिसरे कारण वय. रॉय जोन्सने मार्च २००३ मध्ये जॉन रुइझला हरवून हेवीवेट जेतेपद घेतले, त्यानंतर तो वजन उतरवून लाइट हेवीवेटला परतला आणि मे २००४ मध्ये अँटोनिओ टार्व्हरच्या डाव्या हाताने दुसऱ्या फेरीत बाद झाला. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. ज्या अंतरावरून पूर्वी तो सहज मागे सरकत असे, त्याच अंतरावर तो आता सापडला. टार्व्हर डावखुरा होता हेही लक्षात घ्यावे. शोल्डर रोलमध्ये पुढे काढलेला डावा खांदा समोरच्याच्या उजव्या क्रॉसला अडवतो. डावखुऱ्याचा जोरदार डावा हात त्या खांद्याच्या आतल्या बाजूने येतो आणि त्याचा पुढचा उजवा हात आपल्या खाली असलेल्या डाव्या हातावरून हुकसाठी सहज वळतो. २००६ मध्ये झॅब ज्युडाने मेवेदरला सुरुवातीच्या फेऱ्यांत त्रास दिला, त्यामागे हीच अडचण होती. डावखुऱ्यासमोर खालचा गार्ड न वापरणे हा शिकणाऱ्यासाठी कायमचा नियम समजावा.

आणि केवळ नक्कल करणाऱ्यांसाठी डिसेंबर २०१३ मधील एड्रियन ब्रोनर आणि मार्कोस माइदाना यांची सॅन अँटोनिओतील लढत पुरेशी बोलकी आहे. ब्रोनरची उभे राहण्याची ढब मेवेदरसारखीच होती. माइदानाने डाव्या हुकने त्याला दोनदा खाली पाडले आणि गुणांवर हरवले. खांदा वर होता, डावा हात ठरलेल्या जागी होता, परंतु पाय मेवेदरचे नव्हते आणि उजवा हात गालाशी थांबत नव्हता.

सरावाचा क्रम

पहिले काही आठवडे हातांना हात लावू नये. काम फक्त अंतराचे करावे. जोडीदाराने डावा हात पूर्ण लांबवून ग्लोव्ह तुमच्या हनुवटीला टेकवावा. तेथून अर्धे पाऊल मागे सरकावे आणि जमिनीवर चिकटपट्टी लावावी. ती रेषा म्हणजे बाहेरची हद्द. जोडीदार पुढे आला की तितकेच मागे, बाजूला गेला की तितकेच फिरायचे, आणि त्याचा जॅब दर वेळी हनुवटीपासून मुठीएवढ्या अंतरावर संपला पाहिजे. फार लांब पळणे ही येथे चूकच मानावी, कारण तेथून उत्तर देता येत नाही. दोन मिनिटांच्या फेऱ्या कराव्यात आणि या काळात हात उंच गार्डमध्येच ठेवावेत. पाय हे करू लागले, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीतही करू लागले, तरच पुढे जावे.

त्यानंतर मागे झुकणे शिकावे, परंतु ते अलीसारखे सरळ पाठीने नव्हे. उजवा गुडघा वाकवून वजन मागच्या पायावर घ्यावे आणि डोके मागच्या पायाच्या टाचेपलीकडे जाऊ देऊ नये. टाचेपलीकडे गेलेल्या डोक्याला परत यायला वेळ लागतो आणि दुसरा ठोसा नेमका त्या वेळात येतो. म्हणून प्रत्येक वेळी मागे झुकल्यावर एक तर बाजूला पाऊल टाकावे किंवा ताबडतोब जॅब मारावा; झुकून तसेच थांबणे सरावातून पूर्णपणे काढून टाकावे.

आता डावा हात खाली आणावा. आधी डावा खांदा वर घ्यावा, हनुवटी त्याच्या आत दडवावी आणि मगच हात पोटावर आडवा न्यावा. क्रम उलटा झाला, म्हणजे हात आधी खाली गेला आणि खांदा मागून वर आला, तर त्या मधल्या क्षणी काहीही झाकलेले नसते. उजवा पंजा उघडा, तळवा समोर आणि अंगठा गालाला टेकलेला असावा. हा हात जॅब झेलतो आणि त्याचा कोपर व कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग मिळून डावा हुक अडवतात. शिकणाऱ्याने फक्त एकच गोष्ट पाठ करायची असेल तर ती ही की उजवा हात ठोसा मारण्याखेरीज कोणत्याही कारणाने गाल सोडत नाही. जॅब झेलण्यासाठी तो पुढे सरसावणे हीसुद्धा चूक आहे. जॅब त्याच्याकडे येऊ द्यावा.

खांदा वळवण्याचा सराव पॅड घेतलेल्या प्रशिक्षकासोबत करावा. त्यांनी हळू वेगाने उजवा क्रॉस सोडावा. आपण धड उजवीकडे वळवून वजन मागच्या पायावर न्यावे, जेणेकरून ठोसा डाव्या खांद्याच्या बाहेरच्या बाजूवरून घसरून जाईल. त्यानंतर धड परत फिरताना उजवा हात सरळ सोडावा. खांदा वळला परंतु वजन पुढच्याच पायावर राहिले, तर ठोसा खांद्यावरून उडी घेऊन कानशिलावर बसतो. चूक कोठे झाली हे ओळखण्याची ही सोपी खूण आहे. पॅडवर हे जमू लागले की प्रशिक्षकाने क्रॉसमागोमाग डावा हुक जोडावा, कारण खऱ्या लढतीत प्रतिस्पर्धी एका ठोशावर थांबत नाही आणि शोल्डर रोलची खरी परीक्षा दुसऱ्या ठोशालाच होते.

खालून मारायच्या जॅबसाठी दोन बाजूंनी दोरीने ताणलेली लहान बॅग उत्तम. मूठ मांडीच्या वरच्या भागापासून निघावी, कोपर बाहेर फाकू नये आणि खांद्याने आधी झटका देऊन ठोशाची सूचना देऊ नये. मारण्यापेक्षा परत आणणे अधिक काळजीपूर्वक शिकावे. हात ज्या वाटेने गेला त्याच सरळ वाटेने खांद्यापर्यंत परत यावा आणि डोके मधल्या रेषेवरून हलल्यानंतरच खाली उतरावा. लुईची जी खोड श्मेलिंगने हेरली, ती नेमकी येथे लागते.

स्पॅरिंगमध्ये हे सर्व एकदम आणू नये. आधी जोडीदाराला फक्त जॅब मारण्याची मुभा द्यावी, नंतर जॅब आणि उजवा हात, आणि हुक सर्वांत शेवटी. वेग आणि जोर निम्मा असावा, ग्लोव्ह्ज १६ औंसाचे असावेत आणि फेरीतील केवळ एक मिनिट खालच्या गार्डने खेळावे. जोडीदार अनुभवी आणि हात आवरणारा असावा. ज्याला प्रत्येक स्पॅरिंग जिंकायचे असते, त्याच्यासमोर नवीन गोष्ट शिकता येत नाही.

हात केव्हा वर घ्यावेत

पाठीला दोर लागले की हात वर घ्यावेत, कारण मागे सरकण्याची जागाच संपलेली असते. स्वतः तीन-चार ठोसे मारून बाहेर पडताना घ्यावेत, कारण त्या वेळी आपण टप्प्यातच असतो. श्वास लागला की घ्यावेत. प्रतिस्पर्ध्याने जमिनीवरची ती हद्द ओलांडली, म्हणजे त्याचा पुढचा पाय आपल्या पुढच्या पायाशी आला, की घ्यावेत. १५ एप्रिल १९८५ रोजी लास व्हेगासमध्ये मार्विन हॅग्लरने हर्न्सला लांबच राहू दिले नाही आणि हर्न्सच्या लांब हातांचा उपयोग तीन फेऱ्यांच्या आत संपला. आणि एखादा ठोसा जोरात लागला तर लगेच हात वर घेऊन जवळ जावे आणि प्रतिस्पर्ध्याचे हात धरावेत. मे २०१० मध्ये शेन मोस्लीच्या उजव्या हाताने दुसऱ्या फेरीत गुडघे डळमळल्यावर मेवेदरने मोस्लीचा हात घट्ट धरून ठेवला आणि पुढे लढत स्पष्टपणे जिंकली. ‘मला काही झाले नाही’ हे दाखवण्यासाठी अशा वेळी हात आणखी खाली सोडून हसणारे खेळाडू पाहिले की मनापासून वाईट वाटते.

हौशी बॉक्सिंग खेळणाऱ्यांनी, म्हणजे महाराष्ट्रातील आपल्या बहुतेक खेळाडूंनी, आणखी एक हिशेब करावा. बारा फेऱ्यांच्या व्यावसायिक लढतीत प्रतिस्पर्ध्याची सवय ओळखायला आणि एखादी वाईट फेरी भरून काढायला वेळ असतो; तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत तो नसतो. एक स्वच्छ ठोसा लागून पाय लडखडले तर खाली न पडताही पंच आठपर्यंत मोजतात, आणि ती फेरी बहुधा गेलीच. शिवाय महिला व कुमार गटांत हेडगार्ड असतो आणि त्याच्या गालावरील जाड कडा बाजूचे दृश्य कमी करतात, म्हणजे ज्या हुकची सर्वांत अधिक भीती, तोच आणखी उशिरा दिसतो. त्यामुळे हौशी स्पर्धेत हा गार्ड संपूर्ण पद्धत म्हणून न वापरता, लांब अंतरावर काही सेकंद आमिष म्हणून वापरावा आणि लगेच उंच गार्डकडे परतावे, असे माझे मत आहे.

हेडगार्डविषयी एक गैरसमज दूर केलाच पाहिजे. तो कातडे फाटणे आणि सूज कमी करतो. कवटीच्या आत मेंदूला बसणारा झटका तो थांबवत नाही. या पद्धतीच्या सरावात न दिसलेले ठोसे अधिक लागतात, म्हणून स्पॅरिंगनंतर डोके जड वाटणे, मळमळणे, प्रकाश सहन न होणे किंवा फेरीतील काही भाग न आठवणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच क्षणी सराव थांबवावा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत स्पॅरिंग करू नये. किशोरवयीन मुलांना हा गार्ड शिकवूच नये.

प्रत्येक स्पॅरिंगचे मोबाइलवर चित्रण करावे आणि ते पाहताना प्रत्येक फेरीचा शेवटचा अर्धा मिनिट आवाज बंद करून पाहावा. त्या अर्ध्या मिनिटात उजवा हात कोठे आहे, पाय हद्दीच्या बाहेर आहेत की आत, आणि जॅब परत येताना डोके हलते की जागीच राहते, एवढेच तपासावे. उजवा हात गालापासून सुटलेला दिसला तर पुढील दोन आठवडे सर्व स्पॅरिंग उंच गार्डने करावे आणि त्यानंतर पुन्हा चिकटपट्टीच्या रेषेपासून सुरुवात करावी.